एकमताने मंजूर

सेक्रेटरीबाईंचा राजीनामा सोमवारच्या मीटिंगमध्ये एकमताने मंजूर झाला, आणि बाई धास्तावल्या. छत्र्यांच्या या कारखान्यात एकमताने मंजूर झालेलं आजवर काहीच घडलं नव्हतं. दांडा निसटणारी छत्री बंद करायचा ठराव त्यांनी स्वतःच्या हाताने अकरा वेळा लिहिला होता. छत्री अजून निघत होती आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या बाई फोनवर खात होत्या.

नवी नोकरी घराशेजारच्या शाळेच्या ऑफिसात होती. शुक्रवारपर्यंत इथून मोकळं केल्याचं पत्र दिलं नाही, तर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती.

मंगळवारी बाई उत्पादनवाल्या साहेबांकडे गेल्या.

"माझा होकार आहेच हो," ते म्हणाले. "पण विक्रीवाल्यांना विचारलंत का?"

"ते तुमच्या शेजारीच बसले होते. हो म्हणाले."

"मीटिंगमध्ये काय, कुणीही हो म्हणतं."

विक्रीवाले साहेब त्याहून मोकळे निघाले. "चहा आला होता, विषय लांबवायचा नव्हता, म्हणून हो म्हटलं. मनापासून विचाराल, तर विचार करावा लागेल."

मोठे साहेब मात्र तयारच होते. "सगळ्यांचं एकमत असेल तर आत्ता सही करतो."

"झालंय साहेब. मीच लिहिलंय."

"मग प्रश्नच मिटला. गुरुवारी मीटिंगला घेऊ."

घरी नवरा म्हणाला, "उद्यापासून जाऊच नकोस सरळ."

"पत्राशिवाय शाळा घेत नाही रे," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

गुरुवारी पुन्हा तीच टोलवाटोलवी सुरू झाली, तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं. "इथं ठरलेलं होत का नाही, सांगू? दाराबाहेर पडलं की ते कुणाचंच नसतं. एका माणसाला तरी त्याच्यामागे लावा."

मोठे साहेब गहिवरले. "बाई बोलल्या ते शंभर टक्के खरं आहे. नेमूया असा माणूस."

हेही एकमताने मंजूर झालं. यातलं काही होणार नाही, याची खात्री असल्याने बाईंनी ते निर्धास्तपणे लिहून घेतलं.

शुक्रवारी सकाळी त्यांच्या टेबलावर पाकीट होतं. बाईंनी ते फोडलं. आत ठरावांच्या मागे लागणाऱ्या माणसाच्या नेमणुकीचं पत्र होतं, बाईंच्याच नावाचं. तिघांच्या सह्या, शिक्का, आणि खाली अट: तीन वर्षं कारखाना सोडता येणार नाही, सबब राजीनामा रद्द.

बाईंनी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. उत्पादनवाले साहेब दारात येऊन उभे राहिले.

"बघा बाई," ते कौतुकाने म्हणाले, "उगाच नावं ठेवत होतात. ठरलं की होतं इथं."