कर्णिकचे हिरवे ब्रोच

मोहन कर्णिकच्या घरी गेलात तर तो "या, बसा" म्हणत नाही. "हात खिशात घाला," म्हणतो. साडी नेसून आलेल्या बायकांनी काय करायचं, असं माझ्या बायकोने एकदा विचारलं, तर म्हणाला, "पदरात गुंडाळा." मला या माणसाचा राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. परदेशातल्या या आंग मो किओ वस्तीत आमचा ब्लॉक एक, मजला एक, कॉरिडॉर एक. त्यामुळे राग आला की तो टाळायचीही सोय नाही.

हातांवर एवढा पहारा कशासाठी, तर रोमन ब्रोचसाठी. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक अंगावरचं कापड खांद्याशी अडकवायला पितळेच्या, काशाच्या पिना लावत. युरोपातल्या शेतांत उकरताना त्या अजूनही सापडतात आणि कागदपत्रांसह रीतसर विकल्या जातात. कर्णिक त्या घेतो. लग्न केलं नाही, गाडी घेतली नाही, पगार सगळा या पिनांत घातला.

नोकरी विचाराल तर जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत. पाइपांना गंज चढू नये हे बघायचं काम. म्हणजे दिवसभर गंजाला शिव्या घालायच्या आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी त्याचीच पूजा करायची. त्याच्यासमोर गंज म्हणायची मात्र चोरी. "गंज लोखंडाला येतो, अडाण्या. हा हिरवा थर मातीने शतकानुशतकं बसून चढवलाय. तो गेला की मागे उरतं ते भंगार." ब्रोच घासून चमकवून विकणाऱ्या व्यापाऱ्यांना तो 'खाटीक' म्हणतो. इथल्या दमट हवेने थर बिघडू नये म्हणून ब्रोचच्या खोलीत एसी अखंड चालू, आणि हा गृहस्थ हॉलमध्ये पंख्याखाली बनियनवर घाम पुसत बसलेला.

मागच्या दिवाळीत बायको त्याच्याकडे फराळ घेऊन गेली. चकल्या काढून देता देता तिचं बोट एका ब्रोचला टेकलं. टेकलं म्हणजे नुसतं टेकलं. हा ओरडला, "वहिनी, तुमच्या चकलीच्या तेलाने इतिहासाचं मातेरं होईल." बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी मुलगी म्हणाली, "अंकल, सेफ्टी पिनच आहे ना, व्हाय सो अँग्री लाह?" तर तो तिच्यावरही घसरला. त्या दिवसापासून आमचं जाणं-येणं बंद. पिनेपायी शेजार तोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग त्याचे वडील गेले आणि त्याने साताऱ्याहून आईला आणलं. एसीची खोली त्यांना दिली, ब्रोचचा डबा हॉलच्या कपाटात आला. काकूंची स्मरणशक्ती पार गेली होती. पोटच्या पोराला त्या 'साहेब' म्हणायच्या, तेही बँकेत काही कामासाठी आल्यासारख्या अदबीने. लिफ्टपाशी मी स्वतः ऐकलं. तेव्हा माझा राग थोडा निवला, पण थोडाच.

एका रविवारी सकाळी त्याच्या घरातून असा आरडाओरडा सुरू झाला की सगळा कॉरिडॉर दारात आला. आज याला सुनवायचंच म्हणून मी तणतणत गेलो. स्वयंपाकघरात काकू खाली बसलेल्या. पुढ्यात वाटीभर चिंचेचा कोळ, मीठ, आणि तीन ब्रोच, नव्या बांगड्यांसारखे पिवळेधमक. कर्णिक चिंचेला शिव्या देत होता, ती विकणाऱ्या लिटिल इंडियातल्या दुकानाला देत होता, काकूंना सांभाळणाऱ्या बाईला आणि आता मलाही देत होता. आईला मात्र एक शब्द नाही.

"केवढे कळकटले होते," काकू शांतपणे म्हणाल्या. "सणाच्या तोंडावर असं ठेवतात का कुणी?"

मला मनातून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. हिरवं दिसलं की चिंच लावायची, हे ज्या बाईच्या हाताला लहानपणापासून ठाऊक, तिला रोमन काय आणि सातारा काय. तेवढ्यात काकूंनी एक ब्रोच उजेडात धरला. "मोहन, बघ रे, कसा लख्ख निघालाय."

कर्णिकची शिवी अर्ध्यावरच राहिली. तो फरशीवर बसला. इथे आल्यापासून त्यांनी त्याला नावाने हाक मारलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो लिटिल इंडियातून पितळेचं तबक, समया, घंटा असं पोतंभर घेऊन आला. काकूंनी एकेक हातात घेऊन बाजूला ठेवलं. "साहेब, हे नवंच आहे. याला काय घासायचं?"

पुढे काय झालं ते मला फराळाचे डबे परत मागायला गेलो तेव्हा दिसलं. कर्णिक स्वतः चिंच कोळत होता. शेजारी त्याचा सगळ्यात लाडका ब्रोच, घोड्याच्या आकाराचा, निळ्या मीनाकामाचा. तो त्याने उचलला आणि आईच्या हातात दिला.

मी भडकलो. दुसऱ्यांच्या बोटांवर खेकसणारा हाच ना हा? "अरे गाढवा, हा तरी ठेव."

"हे दोन हजार वर्षं थांबले," तो माझ्यावर ओरडला. "आई थांबणार आहे का?"

काकू घासू लागल्या. हिरवं पाणी परातीत उतरलं, मग त्यात निळा चुरा उतरला. कर्णिक गुडघ्याला गुडघा लावून बसला होता. "मोहन, मागे हो, पिन लागेल," त्या म्हणाल्या. "मोहन, आंघोळ केलीस का?" तो म्हणाला, केली. "मोहन, डबा संपवलास का?" तो म्हणाला, संपवला. पन्नाशी उलटलेला हा भांडकुदळ माणूस प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर देत होता. मला तिथून निघायला हवं होतं, पण पाय निघेना.

घासून झालं. काकूंनी घोडा पदराने पुसला, त्याच्यापुढे धरला आणि क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मोहन शाळेतून आला की त्याला दाखवाल?"

"दाखवतो," कर्णिक म्हणाला, आणि डब्यातला पुढचा ब्रोच आणायला उठला.