बाविसावी सही

माणसाने विश्वास नेमका कुणावर ठेवावा, हा प्रश्न थोरामोठ्यांना पडत आलेला आहे. पावसावर ठेवता येत नाही, पुढाऱ्यावर ठेवू नये, आणि पोटच्या पोरावर ठेवला तर बोलून दाखवू नये. उरते फक्त दरवर्षी लाभांश वाढवणारी कंपनी.

उदगीरच्या नव्या वसाहतीतले साहेबराव या निष्कर्षाला निवृत्तीनंतर पोचले. (नोकरी पाटबंधारे खात्यात, बत्तीस वर्षं, त्या काळात दरवर्षी वाढणारं असं काही त्यांच्या पाहण्यात आलं नव्हतं.) त्यांनी शेअर घेतले ते एका टँकर कंपनीचे. कंपनी आदर्श होती. दुष्काळ हा तिचा कच्चा माल, आणि तो लातूर जिल्ह्यात फुकट मिळे. पहिल्या वर्षी साहेबरावांना लाभांश आला सहाशे रुपये, पुढच्या वर्षी आठशे, आणि असं करत करत सातव्या वर्षी, म्हणजे २०१६ साली, अठराशे. पगारवाढीसाठी लोकांना मोर्चे काढावे लागतात. इथे नुसतं घरी बसायचं होतं. बघता बघता वसाहतीतल्या बेचाळीसपैकी एकवीस घरांनी शेअर घेतले. टँकर दोन दिवस उशिरा आला तरी ही घरं कुरकुरत नसत. मालकाने आपल्याच गाडीला काय बोलायचं?

अशात उदगीर जिल्हा होणार, अशी हवा उठली. (ही हवा दर दोन वर्षांनी उठते, पाऊस तेवढाही नियमित नाही.) जिल्ह्याच्या ठिकाणी नळ असावा, असं कुणाच्या तरी मनात आलं आणि वसाहतीला पाइपलाइन मंजूर झाली. अट एकच: रस्ता खोदायला निम्म्याहून जास्त घरांची लेखी संमती. शेजारचे महादेवप्पा कागद घेऊन घरोघर फिरले. शेअर नसलेल्या एकवीस घरांनी सह्या केल्या. बाकीच्यांना रस्त्याची काळजी वाटू लागली. (रस्ता अजून व्हायचा होता.)

"साहेबराव, तुमची बाविसावी. मारून टाका सही," महादेवप्पा म्हणाले.

साहेबरावांनी पेन घेतलं आणि बायकोकडे, पंचशीलाबाईंकडे पाहिलं. टँकरने भरलेल्या कोपऱ्यावरच्या बॅरलमधून घरापर्यंत पाणी त्याच वाहत. डॉक्टरांनी कमरेचा फोटो पाहून वजन उचलायला मनाई केली होती. बाईंनी त्या दिवसापासून लहान घागर घेतली आणि फेऱ्या दुप्पट केल्या.

"पयल्या साली बॅरल वीस रुपयाला हुतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या सहाशात तीस बॅरल आलते. औंदा साठ रुपये हाय. अठराशात किती येतेत, सांगा बरं?"

साहेबरावांनी हिशेब केला. तीस.

"यालाच स्थैर्य म्हणतेत," ते म्हणाले.

"आन् ते तीसबी म्याच वाहते."

साहेबरावांना वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं, डोळ्यांत पाणीही आलं. मग त्यांना लाभांशाचं येणारं आठवं वर्ष आठवलं. त्यांनी पेनला टोपण लावलं आणि महादेवप्पांच्या हातात दिलं. "पुढचा आकडा जाहीर होऊ द्या, मग बघू."

पाइपलाइन दुसऱ्या वसाहतीला गेली. पंचशीलाबाई मुरुडला भावाकडे गेल्या. त्याच्या बोअरला पाणी होतं. परत कधी येणार, असं साहेबरावांनी फोनवर विचारलं, तर म्हणाल्या, "नळ आला की कळवा."

आठव्या वर्षी लाभांश आला एकवीसशे. बॅरल सत्तर रुपये झालं होतं. पण एकट्या माणसाला पाणी कमी लागतं, त्यामुळे दहा बॅरलचे पैसे वाचले. साहेबरावांनी त्यांचे आणखी शेअर घेतले.

ही हकिकत आजवर अकरा जणांना सांगून झाली. अकराही जण हळहळले. त्यातल्या एकाने बाईंच्या कमरेची चौकशी केली, दहांनी कंपनीचं नाव विचारलं. तुम्हीही मघापासून नावच शोधताय. कंबर अजून तशीच दुखते.