धनुष्याची टोकं

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि असं समजा, की तुमच्या हातात तुमच्या बाबांएवढं उंच लाकडी धनुष्य आहे. डावा हात पुढे, उजव्या हाताच्या तीन बोटांत दोरी. दोरी गालापर्यंत ओढा. आता सोडा. बाण गेला, पण त्याच वेळी डाव्या तळहातावर कुणीतरी आतून हातोडी मारली ना? मनगट झणझणलं, कोपरात कळ आली, दाढेत भरलेलं सिमेंटसुद्धा हललं? तसं झालं असेल, तर तुम्ही बरोबर चष्मेवाल्यांच्या जागी उभे आहात. आता डोळे उघडा आणि त्यांचं काय झालं ते ऐका.

चष्मेवाल्यांचं बाजारात छोटं दुकान होतं. धनुष्य त्यांना त्यांच्या थोरल्या भावानं करून दिलं होतं. दादा सुतार. चौदा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले तेव्हा दादानं शाळा सोडून रंधा हातात घेतला आणि धाकट्याला शिकवलं. दुकानातली काचेची कपाटंही त्याच्याच हातची. सात महिन्यांपूर्वी त्यानं हे धनुष्य आणून दिलं, सोबत सहा जाडजूड बाण दिले, आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच त्याची बोटं सांध्यांत आखडली. रंधा धरवेना, पटाशी धरवेना. म्हणजे हे धनुष्य दादाच्या हातचं शेवटचं काम ठरलं.

दादा परगावी राहायचा आणि दर सोमवारी फोन करायचा.

"कसं चालतंय रे?"

"अगदी लोण्यासारखं, दादा."

"हाताला काही लागतं का?"

"छे."

"काहीच नाही?"

"अरे, बाण सुटला ते कळतसुद्धा नाही."

"बरं," असं म्हणून दादा जरा वेळ गप्प व्हायचा. चष्मेवाल्यांना वाटायचं, समाधानानं गप्प झाला असेल. फोन ठेवला की ते डाव्या मनगटाला मलम चोळत बसायचे.

त्या एका खोट्यानं त्यांची पंचाईत करून ठेवली होती. धक्का का बसतो हे सांगू शकेल असा एकच माणूस त्यांच्या ओळखीत होता, आणि नेमकं त्यालाच विचारता येत नव्हतं.

धक्क्याचं काय असतं, तर ताणलेल्या धनुष्यात जोर साठतो. तो जोर बाणानं घेऊन जायचा असतो. बाण नेववेल तेवढा नेतो. उरलेला जोर मागे राहतो आणि जागा शोधत शोधत तुमच्या हातात येऊन बसतो. चष्मेवाल्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होतं ते इतकंच, की रविवारी मैदानावर बाण मारून आलं की सोमवारी हात कापतो. आणि चष्म्याचा स्क्रू मोहरीच्या दाण्याएवढा असतो.

एका सोमवारी तो स्क्रू चिमट्यातून उडाला आणि समोर बसलेल्या मुख्याध्यापिकाबाईंच्या उघड्या पर्समध्ये जाऊन पडला. स्क्रू शोधायला बाईंना सगळी पर्स काउंटरवर पालथी करावी लागली. तीन गोट्या, एक भोवरा, दोन शिट्ट्या आणि कुणाकडून तरी जप्त केलेलं अर्धं चॉकलेट बाहेर आलं. स्क्रू आला नाही. बाई चष्म्याची एक दांडी हातात धरून, आलेल्या गिऱ्हाइकांकडे न बघता निघून गेल्या.

"एक तर धनुष्य ठेवा, नाही तर दुकान," बायको म्हणाली. "दोन्ही जमायचं नाही तुम्हाला."

चष्मेवाल्यांनी शेजारच्या औषधवाल्याला विचारलं. औषधवाल्याकडे जगातल्या प्रत्येक गोष्टीवर पट्टी होती.

"दुखतं कुठे? हाताला. मग हात झाका ना," तो म्हणाला आणि त्यानं जाड स्पंज आणि चार मीटर पट्टी दिली.

चष्मेवाल्यांनी धनुष्याची मूठ स्पंजात गुंडाळली. मूठ आता दुधीभोपळ्याएवढी झाली. ती हातात मावेना, म्हणून ते आणखी घट्ट धरायला लागले. धक्का होता तेवढाच राहिला, फक्त आता तो खांद्यापर्यंत पोचायचा.

"रबर लावून बघा," औषधवाला म्हणाला. "धनुष्याच्या दोन्ही टोकांना. थरथर गिळतं रबर."

त्यांनी सायकलच्या ट्यूबचे जाड तुकडे टोकांना बांधले. टोकं जड झाली. आणि टोकं जड, म्हणजे थांबताना धक्का जास्त. पहिल्याच बाणाला चष्मेवाल्यांच्या नाकावरचा स्वतःचा चष्मा खाली पडला.

मग त्यांनी रबर आणि स्पंज सोडून फेकले आणि स्वतःची अक्कल चालवली. बाण हलके घेतले तर धक्काही हलका बसेल, नाही का? ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं. दादानं दिलेले सहा जाडे बाण त्यांनी बायकोला देऊन टाकले. तिनं ते परसात घेवड्याच्या वेलांना आधार म्हणून रोवले. चष्मेवाल्यांनी खेळाच्या दुकानातून सहा सडपातळ, चकचकीत बाण आणले. ते बाण वाऱ्यासारखे गेले खरे, पण जाताना जोर फारसा घेऊन गेले नाहीत. उरला तो सगळा चष्मेवाल्यांना मिळाला.

मैदानावर त्यांच्यासोबत त्यांची दहा वर्षांची मुलगी असायची. लक्ष्यामागे गवतात घुसलेले बाण ती इतक्या चटकन हुडकून आणायची, की सगळे तिला खारू म्हणायचे. धनुष्याला मात्र तिला हात लावायला मनाई होती. मोठ्या माणसाचं धनुष्य, तिला झेपायचं नाही.

"बाबा," खारूनं एकदा विचारलं, "बाण सोडताना तुमची बोटं पांढरी का होतात?"

"घट्ट धरतो म्हणून."

"घट्ट कशाला धरता?"

"निसटलं तर? मोठ्या काकांनी केलंय ते."

"दुकानात चष्मा धरता तसं धरा की. तो कुठे निसटतो?"

"खारू, बाण मोज."

"सहा आहेत. कोपर पण तुम्ही काठीसारखं ताठ करता."

"पुन्हा मोज."

पुढच्या सोमवारी दादाचा फोन आला. नेहमीचे प्रश्न झाले, नेहमीची उत्तरं झाली. मग दादा म्हणाला, "या रविवारी येतोय. एकदा तुला बाण मारताना बघायचंय."

दादा समोर उभा असणार, आणि बाण सुटताच आपलं तोंड वाकडं होणार. दादाला एका नजरेत कळेल. आपलं शेवटचं काम वाईट झालं, असं त्याला वाटेल. हातात हत्यार धरता येईनासं झालेल्या माणसाला असं वाटू द्यायचं? रविवारच्या आत धक्का गेलाच पाहिजे.

बुधवारी त्यांना एक पातळसं पुस्तक मिळालं. त्यात एक वाक्य होतं: टोकं जाड असतील तर धक्का जास्त बसतो; टोकाचं लाकूड थोडं कमी करावं. गंमत अशी, की हे अगदी खरं होतं. आतापर्यंतच्या सगळ्या उपायांत हाच काय तो बरोबर होता. पुस्तकात 'थोडं' या शब्दाखाली रेघही ओढलेली होती.

शनिवारी दुपारी दुकान बंद करून चष्मेवाले परसात बसले. दार पावसात फुगून अडकायला लागलं की घासायची एक लाकूडकानस घरात होती. ती घेतली आणि वरचं टोक घासलं. लाकूड भुसभुस निघालं. छान वाटलं. मग खालचं घासलं. मग दोरी ओढून बघितली, तर मुठीच्या वरचं अंग जास्त वाकतंय असं दिसलं.

"खारू, इकडे ये. दोन्हीकडे सारखं वाकतंय का बघ."

"मोजायचं कशानं?"

चष्मेवाल्यांनी विचार केला आणि धनुष्य घेऊन ते बाथरूममध्ये गेले. तिथल्या भिंतीला चौकोनी टाइल होत्या. भिंतीसमोर धनुष्य आडवं धरून त्यांनी दोरी ओढली.

"वरचं दीड टाइल," खारू दारातून म्हणाली. "खालचं एक."

ते परसात गेले, खालचं घासलं, परत आले.

"आता खालचं दोन."

परसात. वरचं घासलं. परत.

"वरचं अडीच."

"अहो, मला धुणं भिजवायचंय," बायको म्हणाली. "काय चाललंय हे येणं-जाणं?"

"पाच मिनिटं."

पाच मिनिटांचे पाच वाजले. टोकांपासून सुरू झालेली कानस हळूहळू मुठीकडे सरकत आली होती. परसात भुशाचा एवढा ढीग झाला, की बायकोनं तो सुपलीत भरून घेवड्याच्या आळ्यात टाकला. अठराव्या खेपेला खारू म्हणाली, "बाबा, दोन्हीकडे सारखं. साडेतीन आणि साडेतीन."

"नक्की?"

"नक्की. पण बाबा, ते आता खूपच सहज ओढलं जातंय."

"सहज नाही, सफाईदार म्हणायचं," चष्मेवाले म्हणाले. मनात त्यांना एक शंका येऊन गेली. ती त्यांनी तिथेच दाबली. सात महिन्यांच्या सरावानं आपला हात तयार झाला असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि घासलेल्या लाकडावर तेलाचा हात फिरवला.

रविवारी सकाळी दादा आला. बोटं वाकलेली, पण कपडे इस्त्रीचे. मैदानावर येऊन तो बाजूला उभा राहिला, हात पाठीमागे बांधून. लक्ष्य तीस पावलांवर होतं. चष्मेवाल्यांनी बाण लावला, ओढला आणि सोडला.

धक्का बसला नाही. अजिबात नाही. हातोडी नाही, झणझण नाही, दाढ जागच्या जागी. चष्मेवाल्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला, की बाण कुठे गेला हे बघायचंही राहिलं.

"बाबा," खारू हळूच म्हणाली, "तो तिथे आहे."

बाण चौदा पावलांवर गवतात आडवा पडला होता. बसला होता म्हणायला हवं, दमून बसल्यासारखा.

दादानं हात पुढे करून धनुष्य घेतलं. आखडलेल्या बोटांनी ते मुठीपासून टोकापर्यंत चाचपलं, पुन्हा टोकापासून मुठीपर्यंत चाचपलं.

"कानस कुठली वापरलीस?"

"दार घासायची."

"हं." दादानं वास घेतला. "आणि वर तेल."

"दादा, मी खोटं बोललो. ते लोण्यासारखं नव्हतं. हाताला लागायचं. खूप लागायचं."

"माहीत होतं मला."

"माहीत होतं?"

"मी टोकं जाड ठेवली होती ना. मुद्दाम." दादा गवतावर बसला. "धनुष्य पुरं करून कुणी देत नाही. शेवटची घासणी मालकाच्या हाताला बसवून करायची असते. महिना-दोन महिने तो वापरतो, मग तक्रार घेऊन येतो. मग दोघांनी बसायचं. त्यानं ओढून बघायचं, आपण जरा घासायचं, परत ओढून बघायचं. माझ्या वस्तादानं मला तसंच शिकवलं. मी तुझ्या तक्रारीची वाट बघत होतो. दर सोमवारी."

चष्मेवाल्यांनी डावं मनगट उजव्या हातात धरलं.

"तू म्हणायचास, लोणी," दादा पुढे म्हणाला. "मी मनात म्हणायचो, मी काही लोणी दिलं नव्हतं. पण तूच नाही म्हणालास, तर मी कसा येऊ? पहिले दोन महिने बोटं चालत होती माझी. सगळं काढून ठेवलं होतं, बारीक कानस, लाकूड खरवडायला काचेचा तुकडा. दोन दुपारींचं काम होतं."

"मला वाटलं, तुला वाईट वाटेल."

"वाटलं असतं थोडं. मग आपण चहा घेतला असता आणि कामाला लागलो असतो."

चष्मेवाल्यांच्या डोळ्यांसमोर त्या दोन दुपारी उभ्या राहिल्या. दादाच्या हातात कानस, आपल्या हातात दोरी, मध्ये दोन कप. त्या दुपारी घडल्याच नव्हत्या, आणि तरी आता त्यांची इतकी आठवण येत होती.

"परत काही करता येईल का, दादा?"

"काढलेलं लाकूड परत लावता येत नाही." दादानं धनुष्य मांडीवर ठेवलं. "काम मात्र वाईट नाही केलंस. दोन्ही अंगं अगदी सारखी वाकतायत. एवढी सारखी मलाही कधी जमली नाहीत. मोजलंस कशावर?"

"बाथरूमच्या टाइलवर."

दादाच्या मिशा थोड्या हलल्या, पण त्याला हसू पुरतं आलं नाही. त्यानं मान वळवून खारूकडे बघितलं. ती धनुष्याकडे बघत उभी होती.

"ओढून बघतेस?"

खारूनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान डोलावली. तिनं धनुष्य घेतलं, मूठ नुसती तळव्यावर टेकवली, बोटं सैल सोडली, बाण लावला आणि दोरी गालापर्यंत ओढली. ती बरोबर गालापर्यंत आली. बाण सुटला, सरळ गेला आणि चौदा पावलांवर, पहिल्या बाणाच्या शेजारी जाऊन पडला.

"हाताला काही लागलं का?" दादानं विचारलं.

"नाही," खारू म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "अंगठ्यापाशी जरासं लागलं."

दादानं मान खाली घातली. चष्मेवाले त्याच्या शेजारी गवतावर बसले.

खारू बाण आणायला गेली. दोन्ही बाण तिनं उचलले, पण ती मागे फिरली नाही. तशीच पुढे चालत लक्ष्यापर्यंत गेली. बाण काखेत धरले, लक्ष्य ज्यावर उभं होतं त्या तिपाईला दोन्ही हातांनी मिठी मारली, टाचा रोवल्या आणि ती जड तिपाई गवतातून एकेक पाऊल जवळ ओढायला लागली.