संदर्भाबाहेरचं रडू

कुठलीही साहित्यकृती नीट समजायची असेल, तर तिच्यापासून सुरक्षित अंतर राखावं लागतं. आमचा विभाग हे अंतर स्थापनेपासून निष्ठेनं राखून आहे.

आम्ही आधुनिक अमेरिकी कविता, नाटक आणि कथा सामाजिक संदर्भात शिकवतो. आधी संदर्भ, मग साहित्य, हा शिरस्ता. संदर्भात रेल्वे येते, कारखाने, संप, घरभाडी, घटस्फोट आणि (विभागप्रमुखांची आवड म्हणून) मोटारींचे टायर. साहित्य यायच्या सुमारास सुट्ट्या लागतात. नमनालाच घडाभर तेल, असं काही नतद्रष्ट म्हणतात. म्हणोत बापडे! खिडकीत उभ्या असलेल्या बाईवर एक कविता आहे; तिच्या खिडकीची काच कुठल्या कारखान्यातली, इथवर आम्ही पोचलो आहोत. बाईचंही बघू सवडीनं. गेल्या वर्षीचा निकाल अठ्ठ्याण्णव टक्के (उरलेले आजारी होते).

पुस्तकं आहेत की! काचेच्या कपाटात आहेत, किल्ली विभागप्रमुखांकडे असते, आणि शिपाई कपाट बाहेरून नियमित पुसतो.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना यंदा एका मुलीनं नाटक वाचलं.

कुठून मिळवलं, देव जाणे. पोर तशी सालस. वडील नाहीत. काकांनी बजावलेलं, "पास झालीस तर पुढं शीक. नाहीतर माझ्या फोटो स्टुडिओत येऊन बस." तिथं बसायचं तिच्या अगदी जिवावर यायचं. तरीही हा नसता उद्योग!

तोंडी परीक्षेत विभागप्रमुखांनी मायेनं सोपा प्रश्न विचारला, "नाटकातल्या कुटुंबाचं घरभाडं किती?"

"भाड्याचं नाही सांगता येणार, सर. पण शेवटी ती आई दार उघडते ना..." आणि चक्क डोळ्यांत पाणी.

"अगं, दाराचं राहू दे. भाडं?"

"सर, ती दार उघडते आणि..."

"पाणी आणा रे हिला," प्रमुख कळवळून म्हणाले (विद्यार्थी म्हणजे त्यांना पोटच्या पोरांसारखे). "भाड्याचा तक्ता मी स्वतः दिला होता ना तुला? मग वाचायची काय गरज होती?"

शेरा पडला: 'साहित्यकृतीशी अनावश्यक सलगी. नापास.'

आता ती काकांच्या स्टुडिओत असते. आलेल्या गिऱ्हाइकाची हनुवटी सरळ करते आणि "जरा हसा" म्हणते. वाईट वाटतं हो.

तुम्हीही हळहळला असाल. बापाविना पोर, काकांचा धाक, त्यात ही असली व्यवस्था! शाब्बास, सामाजिक संदर्भ अगदी चोख टिपलात. दार उघडल्यावर पुढं काय झालं, हे मात्र तुम्हालाही विचारावंसं वाटलं नाही.

प्रवेश सुरू आहेत. या.