वसंतनानांचा पेनड्राइव्ह

वसंतनाना कुणाच्याही घरी गेले की आधी चहाला नाही म्हणतात आणि मग विचारतात, "तुमच्या लिनक्समध्ये जावा कुठलं आलंय?" यजमान गोंधळतो, तोवर नानांनी चाव्यांच्या जुडग्यातला पेनड्राइव्ह काढलेला असतो. कॉम्प्युटरमध्ये आधीपासून असलेला, प्रोग्रॅम लिहायचा जावाचा संच ते काढून टाकतात आणि स्वतःचा जुना बसवतात. वर ऐकवतात, "आयतं आलं म्हणजे आपलं झालं का?"

नाना जळगावच्या एका कॉलेजच्या लॅबमधून निवृत्त झाले आणि आमच्या कॉलनीच्या मागे लागले. घरोघरी कॉम्प्युटरमध्ये विंडोजऐवजी लिनक्स त्यांनीच घातलं. आयत्याचा राग तेवढ्यावर थांबत नाही. नव्या कुकरची रिंग ते पहिल्याच दिवशी बदलतात. नवी चप्पल टाके घालून आणल्याशिवाय पायात घालत नाहीत. भरीत पार्टीला येताना वांगी स्वतःची आणतात आणि यजमानाची हळूच बाजूला सारतात.

मी मात्र लिनक्स घालून झाल्यावर माझ्या लॅपटॉपला पुन्हा त्यांचा हात लागू दिला नव्हता. त्यात शाळेचे निकाल होते आणि नानांचा हट्ट माझ्या डोक्यात जायचा.

परवा नशिराबादला मेहुण्याच्या मळ्यात भरीत पार्टी होती. निकाल उरकायचे म्हणून मी लॅपटॉप सोबत नेला होता. जेवणं व्हायच्या आधीच परतीची जीप बंद पडली, आणि दिवस कलायला लागला तसे नाना अस्वस्थ झाले. काड्यांवर खमंग भाजलेली स्वतःची वांगीसुद्धा त्यांना दिसेनात. शेवटी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सर, आज तुमचा लॅपटॉप द्या. धुळ्याला अक्का वाट बघत असेल."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. पडल्यापासून ती खाटेवर आहे. तिच्यासाठी नानांनी सोंगट्यांचा खेळ लिहिला, खाटेशेजारी कॉम्प्युटर ठेवला, आणि रोज संध्याकाळी दोघं आपापल्या गावाहून खेळतात. डाव झाल्याशिवाय अक्का जेवत नाही. हा खेळ त्या जुन्या संचावरच उघडतो, हे मला तेव्हा कळलं. नाना संध्याकाळी कुणाच्याही घरी अडकले तरी डाव चुकू नये, म्हणून सगळ्या कॉलनीत ती खटपट चालली होती. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवरच ठेवला.

आयता संच गेला, जुना आला, पट उघडला. फोनवर अक्का आधी रागावली, मग खेळायला लागली. तिला पटावरच्या कवड्यांची भराभर मोठी दानं पडत होती आणि नाना प्रत्येक दानाला कपाळावर हात मारत होते. बघता बघता ते हरले आणि फोन माझ्या हातात देऊन खुशीत भरीत वाढून घ्यायला गेले.

मी अक्कांना म्हटलं, तुमचं नशीब जोरात आहे.

"कसानं नशीब?" त्या हसल्या. "हाऊ कवड्यास्मा लबाडी करस, माले बठ्ठं ठाऊक शे. पन त्याले सांगू नका. माले जिताडाले तरी रोज येस ना तो."

म्हणजे खेळ लिहिताना नानांनी कवड्या अक्काच जिंकेल अशा बसवल्या होत्या, आणि ते सगळं अक्कांना ठाऊक होतं. चुलीपाशी नाना मेहुण्याला सांगत होते की आज अक्कानं त्यांना पार धुतलं. मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. लॅपटॉपवरचा संच मी अजून बदललेला नाही.