फळ्यावरचं पाणी

ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह व्हॉइस मी म्हशीलासुद्धा शिकवून दाखवीन! अशी माझी पंचक्रोशीत ख्याती आहे. निदान मी तरी तसं सांगत असतो. राधानगरीकडच्या आमच्या गावात दूध संस्थेच्या हॉलमध्ये संध्याकाळी मी इंग्रजीचा क्लास घेतो. हॉल फुकट. चेअरमन विजयसिंहांची अट एकच, संस्थेची बदनामी होता कामा नये.

परवा पोरांना काही केल्या फरक कळेना. म्हटलं, गावातलंच, रोज संस्थेत दूध घालणाऱ्या आण्णांचं उदाहरण घेऊ. फळ्यावर लिहिलं, ‘आण्णा मिक्सेस वॉटर इन मिल्क.’ करणारा पुढे, म्हणजे ॲक्टिव्ह. त्याखाली लिहिलं, ‘वॉटर इज मिक्स्ड इन मिल्क बाय आण्णा.’ पाणी पुढे आलं, आण्णा मागे गेले, म्हणजे पॅसिव्ह. पोरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! त्या आनंदात मी फळा न पुसताच घरी गेलो.

आणि तोच फळा सकाळी संस्थेच्या सूचनांचा असतो.

सकाळी माझी बायको तेजस्वी दूध घालायला निघाली, तिच्याबरोबर मीही गेलो. बघतो तर रांग ठप्प! सचिव कुतुबुद्दीनभाईंनी फळा मोठ्यानं वाचून वर अर्थही सांगितला होता. समोर आण्णा बाह्या सरसावून उभे.

“मास्तर, मी पाणी घालतोय व्हय?”

“आण्णा, नुसतं उदाहरण हाय ते! दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच.”

“मग दोनदा कशाला लिवलंय? सकाळ-संध्याकाळ दोन्ही टायमाला घालतोय म्हणून?”

मी घाईघाईनं पहिलं वाक्य पुसलं, दुसऱ्यातलं ‘बाय आण्णा’ पुसलं. “हे बघा! पॅसिव्हमध्ये करणाऱ्याचं नाव नसलं तरी चालतं.”

कुतुबुद्दीनभाईंनी नव्यानं अर्थ सांगितला, “दुधात पाणी घातलं जातं.”

झालं! इतका वेळ एकटे आण्णा पेटले होते, आता अख्खी रांग पेटली. “कोण घालतंय? नाव घ्या की!” चिमणाबाईंनी किटली आपटली. जो तो शेजाऱ्याच्या किटलीत डोकावायला लागला. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला. तेवढ्यात विजयसिंह आले.

“सर, संस्थेची अब्रू घालवलीसा! एक तर नाव लिवा, न्हायतर हॉलची किल्ली ठेवा हितं!”

हॉल गेला म्हणजे क्लास गेला, आणि क्लास गेला म्हणजे मी दिवसभर घरात! नाव तर हवं, पण चिडणारं माणूस नको. मी खडू उचलला आणि ठोकून लिहिलं, ‘तेजस्वी मिक्सेस वॉटर इन मिल्क.’

“ही माझी स्वतःची बायको! आता तरी पटलं का, उदाहरण हाय म्हणून?”

रांग खो-खो हसली. आण्णासुद्धा हसले. विजयसिंहांनी पाठीवर अशी थाप मारली की खडू उडाला. क्लास वाचला!

तेजस्वी तेवढी हसली नाही. किटली मागे लपवत तिनं मला कोपऱ्यात ओढलं.

“अवं,” ती कुजबुजली, “तुमास्नी कुणी सांगितलं?”