सोपानकाकांचं रेडिएटर

आमच्या डोंगरकडा गावात रस्त्यात भेटलेला माणूस "जेवलात का?" विचारतो. शेजारचे सोपानकाका लघवीचा रंग विचारतात. तेही भर चौकात, खणखणीत आवाजात.

काका निवृत्त बस ड्रायव्हर. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे बसच. "कोरड्या रेडिएटरवर गाडी पळवून राहिले तुमी! इंजिन बसलं म्हंजे?" इंजिन म्हणजे किडनी, हे आता गावातल्या लेकरांनाही पाठ आहे. उन्हाळा लागला की त्यांचा जाच सुरू. हळद वाळत घालणाऱ्या बायांना काम थांबवून पाणी पाजतात. एका लग्नात तर सुटातल्या घामाघूम नवरदेवाचे फोटो थांबवून त्याच्या तोंडाला तांब्या लावला. वर म्हणाले, "आधी रेडिएटर, मंग संसार!"

रोज दुपारी ते आमच्या ओसरीवर येतात, आमच्याच माठातलं दोन तांबे पाणी गटागटा पितात आणि आम्हालाच पाण्यावर भाषण देतात. एकदा माझी बायको वैतागून म्हणाली, "काका, तुमच्या घरी माठ न्हाई का?"

"तुमच्या माठाचं लय गार लागतं, सूनबाई," म्हणत काका चपला घालून चालू पडले.

परवा त्यांच्याकडे शिडी मागायला गेलो. काका बाहेर होते, काकू बाजेवर बसल्या होत्या. त्यांच्या किडन्या गेल्यात, काका त्यांना डायलिसिसला नांदेडला नेऊन आणतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण घरात खरंच माठ नव्हता. तिवई रिकामी, आणि काकूंच्या उशाशी एक लहानसा पेला.

"डॉक्टरनं पाणी मोजून दिलंय," काकू म्हणाल्या. "दिवसभर एवढ्यात भागवायचं. म्हणून ह्यांनी माठच हलवला. माझ्यासमोर घोटभर पीत न्हाईत. मी किती बोलले, ऐकतेत कुठं?"

मला फार वाईट वाटलं. काकूंनी हळू आवाजात विचारलं, "तुमच्याकडं पितेत ना पोटभर?"

"पितेत काकू. दोन तांबे."

"एवढ्या उन्हात दोनानं काय व्हतंय? रंग विचारत जा त्यांना बी!" म्हणून त्या खुदकन हसल्या.

दुसऱ्या दिवशी काका फाटकात दिसताच मी तांब्या भरून उभा राहिलो आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलो, "काका, रंग कसा हाय?"

काका चक्क लाजले. "तिनं सांगितलं व्हय?" एवढंच म्हणाले, आणि त्या दिवशी मुकाट्यानं तिसरा तांब्याही प्याले.